तीन रामाचा ताप

अकोल्याच्या बाहेर, मोर्णेच्या काठाला लागून असलेला त्यांचा मळा मला अजून स्वप्नात दिसतो. स्वप्नात कायम दुपार असते. वांग्यांच्या ओळी उन्हाने मान टाकून उभ्या असतात, कडुलिंबाखाली माझी खाकी फटफटी स्टँडवर चढवलेली असते आणि तिच्याजवळ उकिडवे बसलेले मिस्त्री बोटानेच मला गप्प बसायला सांगत असतात. मी त्यांना काहीतरी विचारायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात जाग येते. काय विचारायचं होतं ते कधीच आठवत नाही. घरातले म्हणतात, वय झालं, घोटभर पाणी प्या आणि पडून राहा.

गावात त्यांना 'तापाचे मिस्त्री' म्हणत. फटफट्या आणि मोटारी दुरुस्त करणारी माणसं अकोल्यात आणखीही होती. पंक्चर, ब्रेक, तुटलेली साखळी, न पेटणारा दिवा, असलं काही घेऊन गेलं की मिस्त्री मान हलवत आणि म्हणत, "ते माहं काम नाही. त्याच्यासाठी बाजारात जा." इंजन तापत असेल तरच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी दिसे. तापणाऱ्या गाडीला ते हात जोडून नमस्कार करत आणि गाडीच्या मालकाकडे मात्र काहीशा संशयाने बघत. मला तो संशय पहिल्याच दिवशी टोचला, कारण मी नवा सरकारी माणूस होतो आणि मला नमस्कार घ्यायची घाई होती.

मी गुरांचा डॉक्टर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपूरहून येत. महायुद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या फटफट्या विकायला काढल्या, त्यातली एक आमच्या खात्याने घेतली आणि माझ्या गळ्यात बांधली. पावसाच्या आधी गावोगाव फिरून गुरांना बुळकांडीची लस टोचायची हे माझं काम. बुळकांडी शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. लस बर्फात ठेवली तरच जिवंत राहायची, गरम झाली की नुसतं पाणी. म्हणून अकोल्याच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा, लाकडी पेटीत भरायचा, त्यात लशीच्या बाटल्या खोचायच्या आणि पूर्णा ओलांडून तेल्हाऱ्याकडे निघायचं. सडक थोडी, बाकी गाडवाटा. काळी माती वाळून दगड झालेली, तिच्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या हातभर खोल. आणि ही बया दर पाच-सहा मैलांवर तापून बसायची. ती थंड होईपर्यंत मी बाभळीखाली बसून बर्फाच्या पेटीतून ठिबकणारं पाणी बघत असे. साहेबांचं मत असं होतं की फटफटी उत्तम आहे, चालवणारा गाढव आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रींनी फटफटीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. खाटेकडे हात करून म्हणाले, "आधी थंड होऊ द्या. मंग बोलू."

मी म्हणालो, "पाणी मारू का थोडं?"

"कोनाच्या अंगावर? तुमच्या मारा," ते म्हणाले.

मग आम्ही बसलो. किती वेळ बसलो हे मला सांगता येणार नाही, कारण त्या मळ्यात वेळ कळतच नसे. पलीकडे त्यांच्या थोरल्या भावाची मोट चालू होती. चाकाची कुरकुर आणि पाणी पडल्याचा आवाज, पुन्हा कुरकुर आणि पाणी. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यावरून ओला वास येई. आणि मध्येच, अगदी बारीक, फटफटीच्या इंजनातून टिक... टिक... असा आवाज. तापलेलं लोखंड निवताना असं बोलतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मिस्त्री डोळे मिटून ते ऐकत. टिकटिक कोणत्या बाजूने आधी सुरू झाली, कुठे रेंगाळली, कुठे एकदम थांबली, यावर त्यांचं सगळं लक्ष. माझे डोळे जड होत आणि मी खाटेवर आडवा होई. इतकी गाढ आणि निर्दोष झोप मला पुढे कुठेच लागली नाही, स्वतःच्या घरातही नाही.

त्यांची मापं त्यांचीच होती. थर्मामीटर नाही की घड्याळ नाही. तळहात इंजनापासून बोटभर अंतरावर धरायचा आणि मनात 'राम राम' म्हणायला लागायचं. हात मागे घ्यावासा वाटेपर्यंत जितके राम झाले तितक्या रामाचा ताप. "बारा रामाची असली तं खुशाल चालवा," ते सांगत. "सात राम झाले तं सावली पाहा. तीन रामाची झाली तं उतरा, अन् तिच्याशी बोलू नोका." रामाचं नाव ते सावकाश घेत की भरभर, असा प्रश्न मी एकदा शहाणपणाने विचारला. ते म्हणाले, "भेव वाटलं का मानूस भरभर म्हनते. म्हून हात माहा पाह्यजे, तुमचा नाही."

प्लग काढला की त्याला ते जीभ म्हणत. जीभ पांढरी, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते. जीभ काळी, म्हणजे उलटं. विटकरी असली तर प्रकृती चांगली. मग कार्बुरेटरच्या सांध्याला बोटाने तेल लावून बघायचं, तेल आत ओढलं गेलं तर तिथून हवा चोरली जाते. मग तेलाची टाकी, मग ठिणगी वेळेवर पडते का ते. हे सगळं होताना ते अनवाणी असत. चालू इंजनाजवळ चप्पल घालून उभं राहणं त्यांना खपत नसे, टाचेला जमिनीची थरथर कळली पाहिजे म्हणत. भर उन्हाळ्यात अंगात बिनबटणांचा खाकी कोट. इंजन चालू असताना त्यांच्याशी बोललं तर ते इंजन बंद करत, तुमच्याकडे बघत, आणि तुम्ही गप्प झालात की पहिल्यापासून सुरुवात.

रोग बहुतेक वेळा माणसातून गाडीत जातो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्याचा पुरावा म्हणून ते अमरावतीच्या एका वकिलाची गोष्ट सांगत. वकीलसाहेबांची फटफटी फक्त रविवारी तापायची. सोमवार ते शनिवार कोर्टात जाताना बारा राम, रविवारी तीन. मिस्त्रींनी प्लग काढला तर जीभ काळीकुट्ट. म्हणाले, "साहेब, हे चालून काळी नाही झाली, उभी राहून झाली. ऐतवारी कोनाच्या दारात उभे राह्यता?" वकील लाल झाले. कळलं ते असं की दर रविवारी ते कन्याशाळेतल्या एका मास्तरीणबाईंच्या फाटकाशी फटफटी चालू ठेवूनच तासभर बोलत उभे राहत, लोकांना वाटावं की आत्ताच आले आणि आत्ताच निघाले. उभ्या गाडीला वारा कुठला मिळायचा? मिस्त्रींनी औषध सांगितलं: "एक तं इंजन बंद करून अंदर जा, नाही तं जाऊच नोका." वकील आत गेले. पुढच्या वर्षी मळ्यात संत्र्यांची टोपली आली, तिच्यावर हळदीकुंकू लावलेलं होतं.

ही गोष्ट सांगताना ते हसत नसत. हसायचं काम त्यांची भावजय करी. ती कपात चहा घेऊन यायची, दोन वाक्यं ऐकायची, पदर तोंडाला लावून निघून जायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात ते ड्रायव्हर म्हणून बसऱ्याला गेले आणि परत आले ते मळ्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायला लागले, एवढंच घरातले सांगत. भाऊ भाजी पिकवी, भावजय बाजारात विकी, आणि हे फटफट्यांचा ताप उतरवत. संध्याकाळी मात्र ते वांग्यांना पाणी देत, आणि त्या वेळी कोणी मोटार घेऊन आलं तरी वळून पाहत नसत.

बसऱ्याची एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही अर्धवट झोपेत असताना. माझी नव्हे, त्यांची झोप. वाळूत दूर एक फटफटी तापून उभी होती आणि निरोप घेऊन जाणारा शिपाई तिच्या सावलीत बसला होता. गोऱ्या साहेबाला घाई. त्याने हुकूम दिला, पाणी ओता. मिस्त्रींनी ओतलं. लाल तापलेलं सिलिंडर तडकलं. शिपाई उठला, निरोपाची पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागला. पुढे वाळवंटात पाणी चमकत होतं, खरं नव्हे, उन्हातलं. तो त्या पाण्याकडे चालला होता.

"मग?" मी विचारलं.

"मंग काही नाही. चालतच गेला," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. मळ्यावर वस्ती उठली आहे. शेवटच्या आजारात त्यांना ताप चढला तेव्हा भावजय कपाळावर ओली पट्टी ठेवायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, आपोआप उतरू दे. हे मला तिनेच सांगितलं. मी तेव्हा अमरावतीला बदलून आलो होतो आणि भेटायला गेलो तो तेराव्यालाच. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं, कारण माझ्यासाठी त्या माणसाने जे केलं ते मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही.

माझ्या फटफटीने त्यांना तीन खेपा चकवलं. तीनदा मी मळ्यात गेलो, तीनदा त्यांनी तिला नदीकाठच्या चढावर दामटलं, आणि तीनदा ती दहा-बारा रामावर गुमान परत आली. जीभ विटकरी. तेल ठीक. सांधे घट्ट. मिस्त्रींचा चेहरा लहान झाला. दुसऱ्या खेपेला त्यांनी सिलिंडरच्या पात्यांमध्ये बोट घालून पांढरा थर खरवडला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"मीठ," ते म्हणाले. "खाऱ्या पट्ट्यातलं पानी. हिच्यावर पानी मारता तुमी?"

पूर्णेच्या दोन्ही काठांना विहिरींचं पाणी खारं आहे, ते वाळलं की मीठ मागे उरतं. मी म्हणालो, "नाला ओलांडताना उडालं असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. वैशाखात नाल्याला पाणी नसतं हे त्यांना आणि मला, दोघांनाही माहीत होतं. "डाक्टर," ते म्हणाले, "वैद्याकडे येतानी लोक तोंड धुऊन येतात. अस्सं करू नोका. जशी रस्त्यात असते तशी आना तिले."

तिसऱ्या खेपेला त्यांनी हत्यारं बाहेरच काढली नाहीत. आम्ही कडुलिंबाखाली बसलो, इंजन टिकटिकत होतं, आणि ते डोळे मिटूनच विचारू लागले. रस्त्यात तापली की काय करता? थांबतो. थांबून काय करता? बर्फ बघतो. मग? थंड झाली की पुढे जातो.

"अन् बर्फ सरला असला तं?"

मी खाटेवर आडवा झालो. मोट चालू होती. पाणी पडलं, पुन्हा कुरकुर झाली, पुन्हा पाणी पडलं. मला वाटलं ते झोपले. पण ते झोपले नव्हते, वाट बघत होते, आणि लोखंड निवेपर्यंत थांबायची त्यांची तयारी असे हे मला माहीत होतं. शेवटी मी सांगितलं. जे मी बायकोला सांगितलं नव्हतं, साहेबाला सांगितलं नव्हतं, ते त्या खाटेवर पडल्या पडल्या, वर लिंबाच्या पाल्याकडे बघत सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याच्या पलीकडे, खारं पाणी संपून गोड्या विहिरी लागतात तिथल्या एका गावात मी चार तास उशिरा पोचलो होतो. सगळं गाव गुरं घेऊन पहाटेपासून उन्हात उभं. पेटी उघडली तर आत कोमट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या बाटल्या. लस मेलेली होती. मी सांगायला हवं होतं की आज परत जा. पण इतकी माणसं उभी होती, आणि मला लाज वाटली, आणि मी सुई भरली. एकेक जनावर टोचलं. नेहमीप्रमाणे सांगितलं, आठ दिवस बैल जुपू नका. तीन आठवड्यांनी तिथे बुळकांडी आली. माझ्या अहवालात मी लिहिलं की लस देऊनही गुरं दगावली, कारण समजत नाही. आता यंदा आसपास पुन्हा बुळकांडी ऐकू येत होती आणि त्या गावाने निरोप पाठवला होता: ढोराच्या डॉक्टरने इकडे फिरकू नये, त्याच्या सुईने आमची जनावरं मेली.

"मंग त्यायले सांगतलं तुमी?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

ते उठले आणि वांग्यांना पाणी द्यायला निघून गेले. भर दुपारी, जे ते कधी करत नसत. मला वाटलं संपलं, आता हा माणूस आपल्याला दारात उभं करणार नाही. मी फटफटी स्टँडवरून उतरवली. तेवढ्यात ते ओल्या हातांनी परत आले.

"मले तुमच्या कामावर न्या," ते म्हणाले. "त्याच गावाले."

"मारतील मला."

"मारतीन," ते म्हणाले. धीर देणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी उजाडताच ते बर्फाच्या कारखान्याशी येऊन उभे राहिले, कोट घालून. मी पेटी भरत होतो. आता इथे मला माझ्या अकलेची गोष्ट सांगावी लागते. पेटी मी मागे बांधत नसे, कारण त्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नव्हती आणि बाटल्या फुटत. म्हणून ती मी पुढे, इंजनाच्या बरोबर समोर, फटफटीच्या खालच्या नळीला करकचून आवळत असे. आणि तिच्याही पुढे बांधत असे वाळ्याची ताटी. आपल्याकडे उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा लावतात, पाणी मारतात आणि आत गार वारा येतो, तोच हिशेब. वाटेत विहीर लागली की ताटीवर बादलीभर पाणी. ओल्या वाळ्यातून वारा यावा, बर्फाला लागावा, तिथून आणखी गार होऊन इंजनाला लागावा. मला या युक्तीचा अभिमान होता, पण मळ्यात जाताना मात्र मी ती सोडून ठेवत असे. चारचौघांत ते ध्यान घेऊन जायची लाज वाटे, आणि बर्फ नसताना तिचं कामही नव्हतं.

मिस्त्री फटफटीभोवती एकदा फिरले. ताटीला हात लावून तिचा वास घेतला. एक शब्द न बोलता मागे बसले आणि म्हणाले, "चाला."

सहा मैलांवर फटफटी धापा टाकू लागली. आम्ही उतरलो. त्यांनी हात धरला, तीन राम झाले. मग माझा हात धरून त्यांनी तो आधी सिलिंडरच्या मागे नेला, मग पुढे. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त तापलेली होती.

"वारा कोठून येते?"

"पुढून."

"मंग पुढून गरम काहून?"

मी ताटीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वारा इंजनापर्यंत जातच नव्हता. ज्या बर्फासाठी मी जिवाचं रान करत होतो, त्याच बर्फाची पेटी वारा अडवून बसली होती आणि त्यापायी बर्फ वितळत होता. मिस्त्री चाकोरीच्या कडेला बसले आणि हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "घरात ताटी लावता तवा मागची खिडकी उघडी ठेवता न बाप्पा," ते म्हणाले, "इथी तुमी दारच लावून घेतलं."

ताटी त्यांनी बाभळीला टांगून दिली. पेटी सोडली. मागे तर ते स्वतः बसलेले आणि बाटल्यांना धक्के लागायला नकोत. तेव्हा त्यांनी ती बर्फाची पेटी सरळ मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळली आणि म्हणाले, "चाला."

राहिलेले पंचवीस मैल आम्ही कुठेही न थांबता गेलो. वैशाखाची सकाळ, दोन्हीकडे उलथलेली काळी वावरं, लांब सातपुड्याची निळी रेघ, आणि मागे एक म्हातारा माणूस मांडीवर बर्फ घेऊन बसलेला. त्यांच्या दातांची कडकड मला इंजनाच्या आवाजातून ऐकू येत होती. मी दोनदा विचारलं, थांबू का. दोनदा त्यांनी गुडघ्याने माझ्या कमरेला ढोसलं. मला ते सगळं खरं वाटत नव्हतं, कोणीतरी झोपेत मला त्या वाटेवरून नेत असावं असं वाटत होतं.

गावाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पेटीत निम्म्याहून जास्त बर्फ होता. मिस्त्रींना मात्र उतरता येईना. मांड्यांत जीवच नव्हता. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई चूल पेटवून बसली होती, तिने काही न विचारता त्यांचा एक हात खांद्यावर घेतला आणि त्यांना चुलीजवळ नेऊन बसवलं. तापाचे मिस्त्री भर वैशाखात चुलीकडे पाय करून शेकत बसले. कोणी हसलं नाही, कारण तोवर लोकांनी मला ओळखलं होतं.

वीस-पंचवीस माणसं जमली. एका म्हाताऱ्याने काठी जमिनीवर रोवून विचारलं, "काहून आले तुमी?"

मी सांगितलं. भाषण मनात तयार केलं होतं त्यातलं काही आठवलं नाही. गेल्या साली बर्फ वितळला होता, लस मेलेली होती, मला माहीत होतं आणि तरी मी टोचली, एवढंच बोललो. मिस्त्रींकडे पाहिलं, तर ते चुलीतली लाकडं सारखी करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

म्हातारा म्हणाला, "म्हंजे दवाई नव्हतीच ते."

"नव्हती. नुसतं पाणी होतं."

मग ती चुलीजवळची बाई उठून पुढे आली. ती भाजी पिकवून तेल्हाऱ्याला नेऊन विकणारी विधवा होती, हे मला नंतर कळलं. तिची बैलजोडी होती, त्यातला एक गेला होता.

"डाक्टर," ती म्हणाली, "म्हंजे जुपल्यानं नाही मेला तो?"

मला कळलं नाही.

"तुमी सांगतलं होतं आठ दिवस जुपू नोका. माहे वांगे पान्याबिगर जयून राह्यले होते. तिसऱ्या दिवशी मी त्याले मोटेले जुपला." तिने पदर मुठीत धरला होता. "सालभर मले वाटून राह्यलं का मीच मारला त्याले. मी कोनाले सांगतलं नाही."

मी म्हणालो, "नाही बाई. तुमच्या हातून काही झालं नाही." गुरं मेली हे मला वर्षभर माहीत होतं. माझं पाप वर्षभर दुसरं कोणीतरी उचलून हिंडत होतं, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

ती तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. बाकीचे इकडेतिकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ती उठली, पेटीत कोपरापर्यंत हात घालून बर्फ चाचपून पाहिला आणि गोठ्याकडे गेली. येताना तिने जोडीतला उरलेला बैल आणला. मी सुई भरली, टोचली. तिने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"याले किती दिवस जुपू नोको?" तिने विचारलं.

"आठ दिवस," मी म्हणालो.

"नऊ दिवस नाही जुपत," ती म्हणाली.